भर हिवाळ्यात डोंगरावर मुक्कामाला

आल्प्समध्ये हिवाळी मुक्काम म्हटलं की नाशिकला आईच्या डोळ्यांसमोर तंबू, बर्फ आणि काळीनिळी पडलेली बोटं येतात. मी करते तो मुक्काम तसा नसतो. इथल्या डोंगरांत हट, म्हणजे डोंगरात फिरणाऱ्यांच्या मुक्कामाची घरं आहेत, आणि त्यांतल्या काही ऐन थंडीतही चालू असतात. वर माणसं राहतात, शेगडी पेटलेली असते, संध्याकाळी गरम जेवण मिळतं, झोपायला गादी आणि घोंगडी मिळते. हरिश्चंद्रगडावरच्या गुहेत आणि पायथ्याच्या गावातल्या पडवीत पथारी टाकून झोपलेल्या माझ्यासारखीला ही चैनच. तरी दोन हिवाळे या हटवर जाऊन आल्यावर मला वाटतं की गादी आणि जेवण ही त्यातली दुय्यम सोय आहे. वर कुणीतरी राहतंय, कालचा वारा कुठून कुठे गेला हे त्याला ठाऊक आहे, आणि आज आपण येणार हेही ठाऊक आहे, हा त्या मुक्कामाचा खरा आधार.

मी स्टुटगार्टला राहते. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत. इथे मराठी माणसं बरीच, आणि त्यांतले कित्येक जुने सह्याद्रीवाले. ऑफिसातल्या एका बाईंनी मला जर्मन आल्पाइन क्लबची सभासद व्हायला सुचवलं. हा क्लब १८६९ साली म्युनिकला स्थापन झाला आणि त्याच वर्षी स्टुटगार्टचा 'श्वाबेन' विभागही सुरू झाला. क्लब म्हणजे गावोगावच्या विभागांचं मिळून बनलेलं मोठं कुटुंब. हट त्या विभागांच्या मालकीच्या असतात, त्यामुळे स्टुटगार्टच्या विभागाच्या हट थेट ऑस्ट्रियात आहेत. विभाग हट बांधतो, दुरुस्त करतो, आणि चालवायला एखाद्या कुटुंबाला किंवा जोडप्याला देतो. मी त्यांना राखणदार म्हणते.

वर्षाची वर्गणी भरली की हटवरची रात्र बिगरसभासदापेक्षा स्वस्त पडते, डोंगरातल्या अपघातासाठी सुटकेचा विमा मिळतो, आणि विभागाच्या सहलींत जाता येतं. हिवाळ्यासाठी मला हे तिसरं सर्वांत मोलाचं वाटतं. सहलींचे लीडर प्रशिक्षित असतात आणि बहुतेक जण हे काम हौसेने करतात.

या क्लबचा एक काळा इतिहासही आहे, तो सांगायला हवा. १९२४ साली क्लबने 'डोनाउलांड' हा ज्यूंचा विभाग बाहेर काढला आणि पुढच्या काळात कित्येक हटवर ज्यूंना दार बंद झालं. जेवणाच्या लांब टेबलावर माझ्यासारखी सावळी, परकी बाई आणि अनोळखी जर्मन कुटुंब शेजारी बसून एकाच भांड्यातून सूप वाढून घेतो, तेव्हा मला तो इतिहास आठवतो. क्लब आता त्याबद्दल उघडपणे बोलतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पहिला मुक्काम ठरला तो श्वार्त्सवासरह्युट्टेवर, १६२० मीटर उंचीवर. ही हट क्लाइनवाल्सरटाल नावाच्या दरीत आहे. दरी ऑस्ट्रियाची, पण तिच्यात शिरणारा गाडीरस्ता फक्त जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फकडून येतो. बाकी तिन्ही बाजूंना डोंगर. सुमारे सातशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या वालिस भागातून आलेले लोक इथे वसले, दरीचं नावही त्यांच्यावरूनच पडलं.

आरक्षण ऑनलाइन होतं, थोडी रक्कम आगाऊ भरून. तिथेच 'शाकाहारी' असं लिहायची जागा असते, ती मी कधीही रिकामी सोडत नाही. झोपायला दोन पर्याय: दोन-चार जणांची लहान खोली, किंवा 'लागर', म्हणजे एका मोठ्या खोलीत ओळीने टाकलेल्या गाद्या. लागर स्वस्त. नवख्या माणसाने तेच घ्यावं असं माझं मत आहे, कारण लोकांशी बोलणं तिथे होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या लीडरने दोन कामं केली. पहिलं, हिमस्खलनाचा अहवाल वाचला. हा अहवाल हिवाळाभर रोज निघतो. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, पण नुसता आकडा बघून भागत नाही. कोणत्या दिशेच्या उतारावर, किती उंचीच्या वर, आणि कशामुळे धोका आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं: ताजा बर्फ, वाऱ्याने वाहून आणून साठवलेला बर्फ, आत दडलेला कच्चा थर, ओला बर्फ, की गवतावरून अख्खाच्या अख्खा घसरणारा बर्फ. त्या दिवशी दुसरी पायरी होती, आणि १८०० मीटरच्या वर वाऱ्याच्या बर्फापासून सावध राहा असं म्हटलं होतं. तीस अंशांपेक्षा जास्त चढाच्या उतारांवर हिमस्खलन होऊ शकतं, म्हणून नकाशावर असे उतार रंगवलेले असतात. आमची वाट त्यांच्यापासून किती अंतरावरून जाते ते लीडरने सगळ्यांना दाखवलं. दुसरं काम म्हणजे हटवर फोन. वाट मळलेली आहे का, वरच्या बाजूला काही कोसळलंय का, किती वाजेपर्यंत पोहोचायचं. पाच मिनिटांचं बोलणं, पण त्यातून कळलं ते कुठल्याही अहवालात नव्हतं: वाटेतल्या मेल्क्योडेच्या वरच्या चढावर खाली बर्फ टणक झालाय आणि त्यावर भुसभुशीत थर आहे, स्नोशूला (बर्फात पाय फार रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) दातेरी पट्टी असलीच पाहिजे.

सामानाचं सांगायचं तर, प्रत्येकाकडे तीन गोष्टी हव्यातच: बीकन, प्रोब आणि फावडं. बीकन छातीशी बांधायचं यंत्र. ते सतत संदेश सोडत राहतं आणि कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपापली यंत्रं शोधायच्या स्थितीत आणून त्याचा माग काढायचा. प्रोब म्हणजे घडीची लांब सळई, बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आहे ते चाचपायला. फावडं धातूचंच हवं, दबलेल्या बर्फात प्लॅस्टिकचं मोडतं. बर्फाखाली गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. मदतपथक येईपर्यंत थांबायला वेळ नसतो, सोबतच्यांनीच खणायचं असतं. ही तिन्ही साधनं विभागाकडून भाड्याने मिळाली. बाकी थर्मल, लोकरी मोजे, दोन जोड हातमोजे, थर्मास, हेडलॅम्प, आणि लायनर, म्हणजे आत शिरून झोपायची पातळ सुती किंवा रेशमी पिशवी. लायनरशिवाय हटवर गादी मिळत नाही, कारण घोंगड्या सगळ्यांच्या वापरात असतात. रोख पैसेही हवेत. वर कार्ड चालेलच असं नाही.

स्टुटगार्टहून उल्ममार्गे ओबर्स्टडॉर्फ, तिथून बसने रीत्सलेर्न, आणि दुसऱ्या बसने आउएनह्युट्टे. तिथे आमच्या लीडरने सगळ्यांना ओळीने आपल्यासमोरून चालायला लावलं आणि प्रत्येकीचं बीकन संदेश सोडतंय ना ते तपासलं. मग स्नोशू बांधले.

मेल्क्योडेपर्यंतची वाट दरीच्या तळातून जाते, जवळजवळ सपाट. उजवीकडे होहर ईफेनचा कातळ, बर्फातही पिवळसर दिसणारा. चालताना घाम येऊ द्यायचा नाही, हे सह्याद्रीत वाढलेल्या अंगाला शिकवावं लागतं. आपण घामाला श्रमाची पावती समजतो. इथे तोच घाम थांबल्याबरोबर पाठीवर गार होतो. म्हणून निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे ठेवायचे. मेल्क्योडेनंतर चढ लागला. पाय रुतला की वर काढायचा, पुन्हा टाकायचा. वेग अर्ध्यावर आला. पुढे राहून बर्फात वाट पाडणारा दर दहा मिनिटांनी बदलत होता. झाडं विरळ झाली, आणि एका वळणानंतर पांढऱ्या पठाराच्या कडेला हटचं छप्पर दिसलं. आम्ही साडेतीनला पोहोचलो. जानेवारीत पाचच्या आसपास अंधार पडतो, म्हणून चारच्या आत दारात पाहिजे हा लीडरचा नियम.

आत शिरल्यावर सगळ्यात आधी बूट. स्नोशू आणि काठ्या बाहेरच्या खोलीत, बूट वाळवणाच्या खोलीत, पायात हटच्या चपला. बर्फ झाडल्याशिवाय एक पाऊल आत टाकायचं नाही, कारण तो बर्फ वितळून लाकडी जमिनीवर सांडतो आणि पुसावं राखणदारांना लागतं. मग नोंदवही. नाव, सभासद क्रमांक, कुठून आलात, उद्या कुठे जाणार. हा शेवटचा रकाना मन लावून भरायचा असतो. माणूस हरवला तर शोधणारे आधी हीच वही उघडतात.

वाळवणाच्या खोलीचा वास, ओल्या लोकरीचा आणि चामड्याचा, पावसाळी ट्रेकवरून परतताना एसटीत येतो तसाच. मला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं.

जेवणघर मात्र वेगळंच जग. हटमध्ये मनापासून ऊब असते ती या एकाच खोलीत. कोपऱ्यात फरशांनी मढवलेली मोठी शेगडी, तिच्याभोवती बाक, आणि त्या बाकावर जागा मिळवण्यासाठी मुलांची धडपड. टेबलांवर गटांच्या नावाच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. कुणी कुठे बसायचं ते राखणदार ठरवतात. आमच्या टेबलावर एक आजोबा आणि त्यांची नात होती. आजोबा या दरीत कित्येक हिवाळे येत होते. समोरच्या श्टाइनमांडल डोंगराच्या कुठल्या बगलेवर बर्फ दगा देतो, ते त्यांनी मीठदाणी आणि चमचे मांडून समजावलं.

साडेसहाला जेवण आलं. शाकाहारी माणसाचा इथला भरवशाचा पदार्थ म्हणजे केझेश्पेत्सले: कणीक-अंड्याच्या शेवया उकडून, भरपूर चीज घालून, वर तळलेला कांदा. बर्फात दिवसभर चालल्यावर याच्यासारखं काही नाही. माझ्या मैत्रिणीला अंडं चालत नाही. आरक्षणातच लिहिलेलं होतं, तर तिला बटाटे, चीज आणि परतलेली कोबी मिळाली. सूप हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं, ते विचारून घ्यावं. सभासदांसाठी 'गिर्यारोहकांचं जेवण' म्हणून एक स्वस्त पदार्थही यादीत असतो, त्यात निदान ५०० कॅलरी असल्याच पाहिजेत असा क्लबचा नियम आहे. शेंगदाण्याची चटणी मी घरून नेली होती. आपलं खाणं जेवणघरात उघडण्यापूर्वी विचारायची पद्धत आहे. विचारलं, तर स्वयंपाकघरातून आधी एक वाटी आली आणि मग चटणी चाखायला दोघं जण आले.

दहाला दिवे बंद. त्याआधी उद्याच्या कपड्यांची घडी उशाशी ठेवायची, हेडलॅम्प हाताशी, मोबाइल लायनरच्या आत, कारण थंडीत बॅटरी मरते. लागरच्या खोलीत शेगडी नसते. श्वासाची वाफ दिसते. दोन घोंगड्या अंगावर ओढल्या की अर्ध्या तासात ऊब धरते, आणि मग बाहेर पडायची इच्छा होत नाही. रात्री संडासाला जाणं हा खरा निश्चयाचा प्रसंग. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर दर रात्री दोन पक्ष पडतात. कानात घालायचे बोळे न्यावेत.

त्या रात्री बर्फ पडला, आणि वारा सुटला. पहाटे पाचच्या सुमाराला खालून खरवडल्याचा आवाज येत होता. झोप गेलीच होती म्हणून मी खाली आले. राखणदार आणि त्याच्याकडे काम करणारी मुलगी दारासमोरचा बर्फ उपसत होते. रात्रीत दार अर्ध्यापर्यंत बुजलं होतं. मी विचारलं, मदत करू का? त्याने माझ्या हातात फावडं दिलं आणि मागच्या जिन्याकडे बोट दाखवलं. आग लागली तर बाहेर पडायचा तो जिना. पाहुणे आत असताना तो मोकळाच असला पाहिजे. अर्ध्या तासात माझ्या दंडांना कळ लागली. त्यांचं हे रोजचं काम. मग खिडक्या, मग छपराच्या कडेला लोंबलेला बर्फ, मग पाण्याची नळी गोठली का ते बघणं, मग न्याहारीचं पाव-चीज आणि थर्मास भरायला चहाचं पाणी. हटवर येणारी प्रत्येक वस्तू खालून आणलेली असते, कुठे मालवाहू रोपवेने, कुठे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीने, कुठे हेलिकॉप्टरने. आणि कचरा तसाच परत जातो. पाण्याचा, विजेचा, जळणाचा हिशेब रोज ठेवावा लागतो. चहाचे पैसे जास्त वाटतात म्हणून कुरकुरणाऱ्यांनी एकदा पहाटे पाचला खाली यावं.

श्टाइनमांडल, १९८२ मीटर, हा आमचा त्या दिवसाचा बेत. हटवरून जेमतेम ३६० मीटरची चढण. न्याहारीला राखणदार आमच्या टेबलाशी आला. अहवालाची पायरी दोनवरून तीन झाली होती. तो म्हणाला, "वारा रात्रभर पश्चिमेकडून होता. धारेच्या पलीकडे सगळा बर्फ साठलाय. मी आज जाणार नाही." जाऊ नका, असं तो म्हणाला नाही. आमच्या लीडरने नकाशा घडी करून खिशात ठेवला. सकाळभर आम्ही हटजवळच्या सपाटीवर गाडलेली सॅक बीकनने शोधायचा सराव केला, दुपारी आल्या वाटेने उतरलो. तीन ही मधली पायरी, म्हणून लोक तिला मध्यम समजतात. प्रत्यक्षात पायरीगणिक धोका सरळ बेरजेने वाढत नाही, तो पटीने वाढतो, आणि बरेचसे जीवघेणे अपघात तिसऱ्या पायरीवरच होतात.

दुसरी हट यामटालह्युट्टे, तीही आमच्याच विभागाची. पहिली बांधणी १८८२ची, उंची २१६५ मीटर, टिरोलमधल्या सिल्व्हरेट्टा डोंगररांगेत. तिथे गेलो तो मार्च होता. गाल्ट्युर गावातून दरीच्या तळाने सुमारे दहा किलोमीटर चालायचं, तीन तास. ही वाट सोपी आहे आणि तरीही तिच्यावर रेंगाळायचं नसतं, कारण दोन्ही अंगांनी उंच उतार खाली बघत असतात. घळीच्या तोंडाशी थांबून फोटो काढायचे नाहीत, अंतर ठेवून एकेकाने पुढे जायचं.

गाल्ट्युरमध्ये ही गोष्ट कुणाला पटवून द्यावी लागत नाही. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी गावावर हिमस्खलन कोसळलं आणि ३१ माणसं गेली; दुसऱ्या दिवशी जवळच्या वाल्त्सुरमध्ये आणखी सात. त्याच वर्षी २८ डिसेंबरला यामटालह्युट्टेच्या परिसरात गाइडबरोबर गेलेल्या गटांतले नऊ जण हिमस्खलनात मेले. गावात आता बर्फ अडवणारी प्रचंड भिंत आहे आणि तिच्यातच संग्रहालय उभारलंय. वर जाण्याआधी तासभर तिथे घालवावा.

यामटालवर गर्दी स्कीवाल्यांची. ड्रायलेंडरश्पिट्झेसारखी तीन हजार मीटरवरची शिखरं इथून करतात. पहाटे सहाला सगळी हट जागी होऊन निघून जाते, कारण मार्चमध्ये दुपारी उन्हाने बर्फ ओला होतो आणि त्याआधी परतायचं असतं. आम्ही स्नोशूवाले हिमनदीकडे गेलोच नाही. तिथे दोर आणि भेगांतून सुटकेचं शिक्षण लागतं. दरीतच फिरलो, उन्हात बाकावर बसलो. दुपारी एकेक गट परत येताना राखणदारीण वहीतल्या नावासमोर खूण करत होती.

त्या संध्याकाळी दोन नावांसमोर खूण झाली नाही. खालून येणारे दोघं, आरक्षण केलेले, जेवणाच्या वेळेपर्यंत आले नाहीत. हट पूर्ण भरलेली होती, आणि आरक्षण नसलेलं एक जोडपं उशिरा येऊन जेवणघरातल्या बाकावर झोपायच्या तयारीत होतं. साडेसातला राखणदारिणीने त्या दोघांना फोन लावला, लागला नाही. मग खाली गावात फोन करून त्यांची गाडी कुठे उभी आहे का ते बघायला सांगितलं. मग डोंगरी मदतपथकाला कळवून ठेवलं. ऑस्ट्रियात त्यांचा क्रमांक १४०. जेवणघरात बोलणं कमी झालं. आमच्याच वाटेने येणारे होते, आणि दुपारनंतर त्या वाटेवर कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. स्कीवाल्यांतले चौघं उठून आपले बूट आणायला गेले, गरज पडली तर निघता यावं म्हणून. सव्वानऊला फोन लागला. बेत बदलून ते दुपारीच आपल्या घरी परतले होते, कळवायचं राहून गेलं होतं. राखणदारिणीने मदतपथकाला निरोप दिला, चौघांना बूट परत ठेवायला सांगितलं, आणि बाकावरच्या जोडप्याला त्या दोघांच्या गाद्या दाखवायला वर घेऊन गेली.